काटा शून्य दाखवतो, तरी डिस्क लिहीतच राहते: पोस्टग्रेसमधलं फुकटचं लिखाण कमी कसं करायचं

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाच्या हिशोबाच्या सर्व्हरसमोर मी बसलो होतो. सौदे केव्हाच आटोपले होते, हमाल-मापाडी घरी गेले होते, शेडमध्ये सोयाबीनचे कट्टे रचून ठेवलेले होते. दुकानात काहीच घडत नव्हतं आणि तरी डिस्कचा दिवा सेकंदासेकंदाला लुकलुकत होता. चार इलेक्ट्रॉनिक काटे कुणी बंदच केले नव्हते. प्रत्येक काटा दर सेकंदाला आपलं वजन पाठवत होता: शून्य किलो. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक शून्य इमानेइतबारे डिस्कवर लिहून ठेवत होता.

जरा हिशोब करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. चार काट्यांचे मिळून ३,४५,६०० अपडेट, आणि प्रत्येक अपडेटचा वेगळा कमिट, म्हणजे व्यवहार पक्का करणं. पोस्टग्रेस कमिटच्या वेळी आपल्या नोंदवहीचं निदान एक पान डिस्कवर उतरवतं आणि ते पान ८ केबीचं असतं. म्हणजे "काही बदललं नाही" एवढंच सांगायला रोज अडीच जीबीहून जास्त लिखाण. अशा दुकानांत सर्व्हर म्हणजे बहुतेकदा साधा डेस्कटॉप आणि त्यात साधी एसएसडी असते. एसएसडीवर आयुष्यात एकूण किती लिहिता येईल याचा आकडा कंपनी देते, तो टीबीडब्ल्यू या नावाने डेटाशीटमध्ये सापडतो. तो असा उधळायचा नसतो. शिवाय हे फालतू लिखाण खऱ्या पावतीच्या रांगेत पुढे उभं राहतं, त्यामुळे ऐन हंगामात बिल निघायला उशीर होतो आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ताटकळतो. मला या दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं.

हा लेख पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) नुकतंच हाताळायला लागलेल्यांसाठी आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहा, शब्द जोडणारी खालची रेघ तशीच ठेवा.

आधी कीर्द आणि खतावणी

आडतीवर मुनीमजी व्यवहार झाला की आधी कीर्दीत लिहितात. तारखेवार, एकाखाली एक. खतावणीत शेतकऱ्याच्या खात्यावर तो आकडा नंतर, निवांतपणे चढतो. पोस्टग्रेसचं तंतोतंत असंच आहे. त्याच्या कीर्दीला 'वॉल' म्हणतात. तिच्या १६ एमबीच्या फाइली असतात. कमिट झालं म्हणजे कीर्दीतली ओळ डिस्कवर पक्की झाली. खतावणी म्हणजे टेबलाच्या आणि इंडेक्सच्या (ओळ पटकन शोधायच्या सूचीच्या) फाइली, ८ केबीच्या पानांत विभागलेल्या. ही पानं आधी मेमरीत बदलतात आणि बहुतेक करून चेकपॉईंटच्या वेळी डिस्कवर जातात. चेकपॉईंट म्हणजे "कीर्दीतलं इथवरचं सगळं खतावणीत उतरलं" अशी खूण.

आता एक ओळ अपडेट केली की काय काय होतं ते बघा. पोस्टग्रेस जुनी ओळ खोडून तिथेच नवी लिहीत नाही. जुनी तशीच ठेवून तिची नवी प्रत तयार करतं, कारण त्याच क्षणी दुसरा कुणी जुनी ओळ वाचत असू शकतो. या नव्या प्रतीची नोंद कीर्दीत जाते, टेबलाचं पान बदलतं, बऱ्याचदा त्या टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद पडते, आणि पुढे कधीतरी व्हॅक्यूम येऊन मेलेली जुनी प्रत साफ करतो, म्हणजे पुन्हा लिखाण. शिवाय चेकपॉईंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते अख्खं पान कीर्दीत उतरतं. चार-दोन बाइटच्या बदलापायी आठ हजार बाइट.

नवख्याला सर्वांत अनोळखी गोष्ट पुढची आहे: नवी किंमत जुन्या किमतीइतकीच असली तरी हे सगळं घडतं. भाव ४,५०० होता, तुम्ही पुन्हा ४,५०० लिहिला, तरी नवी प्रत होते. मायएसक्यूएलवरून आलेले इथे हमखास फसतात, कारण तिथे ओळ बदललीच नसेल तर इंजिन बहुतेक वेळा तिला हात लावत नाही. मी हे त्या दुकानातल्या मुनीमजींना सांगितलं तर ते म्हणाले, "भाव तोच असंल तर मी परत ओळ टाकत नसतो." बरोबर आहे. पोस्टग्रेसला मात्र ते तुम्हीच सांगावं लागतं.

पहिली पायरी: मोजा, मगच हात लावा

सगळ्यांत सोपं माप म्हणजे कीर्द दिवसात किती वाढली. सकाळी दुकान उघडताना 'पीजी_करंट_वॉल_एलएसएन' हे फंक्शन चालवून आलेली किंमत (कीर्द कुठवर आली ती जागा) लिहून ठेवा, रात्री पुन्हा चालवा, आणि 'पीजी_वॉल_एलएसएन_डिफ' ला दोन्ही किमती द्या. उत्तर बाइटमध्ये येतं. या आकड्याला त्या दिवशीच्या पावत्यांच्या संख्येने भागा. मोंढ्यातली आवक रोज सारखी नसते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचा लोंढा येतो आणि इतर वेळी शेड ओस पडलेलं असतं, म्हणून नुसत्या एकूण बाइटवरून काही कळत नाही. एका पावतीमागे किती बाइट, हाच आकडा दिवसादिवसांत तोलता येतो.

व्हर्जन १४ पासून 'पीजी_स्टॅट_वॉल' हा व्ह्यू मिळतो. त्यात 'वॉल_एफपीआय' नावाचा कॉलम आहे, तो कीर्दीत अख्खी पानं किती वेळा उतरली ते सांगतो. हा आकडा चौथ्या पायरीला लागेल, टिपून ठेवा.

मग दोषी क्वेरी शोधा. त्यासाठी 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन लागतं. ते 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज' मध्ये घालून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, तेव्हा हे काम दुकान बंद झाल्यावर करा. व्हर्जन १३ पासून त्यात प्रत्येक क्वेरीपुढे 'वॉल_बाइट्स' दिसतात. त्या कॉलमवर उतरता क्रम लावला की पहिल्या चार-पाच ओळींतच चोर सापडतो. एखादी क्वेरी तपासायची तर एक्स्प्लेनला ॲनालाइझ आणि वॉल हे पर्याय द्या. पण लक्षात ठेवा, ॲनालाइझ दिलं की अपडेट खरोखर चालतं. म्हणून आधी बिगिन, शेवटी रोलबॅक.

एक सावधगिरी. वॉल_बाइट्समध्ये नोंदींचा आकार धरलेला असतो. छोट्या छोट्या कमिटमुळे तेच ८ केबीचं पान पुन्हा पुन्हा डिस्कवर जातं, ते त्यात येत नाही. काट्यांच्या बाबतीत नेमकं तेच घडत होतं. म्हणून लिनक्सवर 'आयओस्टॅट' आणि 'स्मार्टसीटीएल' यांचे आकडेही बघावेत. डिस्कवर प्रत्यक्ष किती गेलं ते तिथे कळतं.

दुसरी पायरी: न बदललेलं लिहू नका

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त बचत इथेच होते आणि एकाही सेटिंगला हात लावावा लागत नाही.

अपडेटला एक अट जोडा. 'अपडेट काटा सेट वजन = नवं वजन व्हेअर काटा क्रमांक = ३' एवढंच न लिहिता पुढे 'अँड वजन इज डिस्टिंक्ट फ्रॉम नवं वजन' असं लिहा. साधं 'बरोबर नाही' चिन्ह का नको? कारण जुनी किंमत नल (म्हणजे भरलेलीच नाही अशी) असेल तर त्या तुलनेचं उत्तरही नल येतं आणि खरा बदलसुद्धा निसटतो. इज डिस्टिंक्ट फ्रॉम नललाही एक किंमत धरून तुलना करतं.

अट जोडली की "काटा चालू आहे का बंद पडला" हे कसं कळणार, असा प्रश्न येतो. आम्ही त्यासाठी वेगळं छोटं टेबल केलं आणि दर पाच मिनिटांनी त्यात काट्याची हजेरी लावली. एका काट्याच्या दिवसाला २८८ हजेऱ्या, चारांच्या १,१५२. कुठे साडेतीन लाख आणि कुठे साडेअकराशे.

प्रोग्रॅम तुमच्या हातात नसेल, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला असेल, तर पोस्टग्रेसमध्येच एक तयार ट्रिगर फंक्शन (ओळ बदलताना आपोआप चालणारं) आहे: 'सप्रेस_रिडंडंट_अपडेट्स_ट्रिगर'. तो 'बिफोर अपडेट' आणि 'फॉर ईच रो' असा लावायचा. नवी ओळ जुन्या ओळीसारखी तंतोतंत असेल तर तो अपडेट तिथेच थांबवतो. ट्रिगर नावाच्या अक्षरक्रमाने चालतात, म्हणून याचं नाव झेडने सुरू करा, म्हणजे इतर ट्रिगरांनी ओळीत जे बदलायचं ते बदलून झाल्यावर हा तपासेल. प्रत्येक अपडेटला थोडं तपासणीचं काम वाढतं, तेव्हा तो सगळ्या टेबलांवर सरसकट लावू नका. जिथे पुन्हा पुन्हा तेच येतं तिथेच लावा.

या ट्रिगरला निकामी करणारी एक सवय आहे. बऱ्याच टेबलांत 'शेवटचा बदल' अशी वेळ असते आणि प्रोग्रॅम ती प्रत्येक वेळी आत्ताची भरतो. मग ओळ कधीच तंतोतंत सारखी राहत नाही आणि ट्रिगर काहीच थांबवत नाही. ती वेळ खरा बदल झाला तरच भरा.

'इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' लाही व्हेअर लावता येतं आणि लावावंच. पण पूर्ण लिखाण वाचेल असं समजू नका. अटीत न बसलेल्या ओळीलासुद्धा पोस्टग्रेस कुलूप लावतं आणि त्या कुलपाची खूण ओळीवरच लिहिली जाते, म्हणजे पान बदलतंच. बाजारभावाचा अख्खा तक्ता दर पाच मिनिटांनी आत ओतणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी फरक काढा आणि फक्त बदललेल्या ओळी पाठवा. 'सिलेक्ट फॉर अपडेट' लाही हेच लागू. नावाला सिलेक्ट असलं तरी ते लिहितं.

ओआरएम (तुमच्यासाठी क्वेरी स्वतःच बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर ते काय पाठवतं ते एकदा लॉगमध्ये वाचा. जँगो या पायथन फ्रेमवर्कचं 'सेव्ह' एरवी सगळे कॉलम पाठवतं, त्याला 'अपडेट_फील्ड्स' दिलं की ठरावीक कॉलमच जातात. लहान कॉलमांनी फार फरक पडत नाही. पण पावतीसोबत मोठं जेसन किंवा लांबलचक मजकूर असेल तर पडतो. साधारण २ केबीच्या पुढे गेलेली ओळ असली की पोस्टग्रेस तिच्यातल्या मोठ्या किमती 'टोस्ट' नावाच्या बाजूच्या टेबलात ठेवतं. त्या कॉलमला हात लावला नाही तर तिथलं जसंच्या तसं राहतं. हात लावला, मग आतला मजकूर तोच का असेना, तर तो सगळा पुन्हा लिहिला जातो. जेसनमधली एक किल्ली बदलली तरी अख्खं जेसन नव्याने लिहितं. रोज बदलणारी गोष्ट जेसनमधून काढून स्वतंत्र कॉलममध्ये ठेवा.

तिसरी पायरी: इंडेक्स

प्रत्येक नव्या ओळीमागे प्रत्येक इंडेक्सला नोंद द्यावी लागते. टेबलावर नऊ इंडेक्स असतील तर एक पावती दहा ठिकाणी लिहिली जाते. 'पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस' मध्ये 'आयडीएक्स_स्कॅन' शून्य असलेले इंडेक्स शोधा. मात्र लगेच काढू नका. सोयाबीन सरल्यावर तूर येते, मग हरभरा, आणि मार्चअखेरीस हिशोबनीस असे अहवाल काढतात जे वर्षभर कुणी बघितलेले नसतात. निदान एक वर्षाचं चक्र फिरू द्या. आकडे मध्येच शून्यावर आणलेले नाहीत ना, ते तपासा. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर चालणारी प्रत) असेल तर तिथले आकडे वेगळे असतात, तेही बघा. प्रायमरी की आणि युनिक इंडेक्स स्कॅन शून्य असला तरी ठेवायचाच, त्याचं काम दुबार नोंद रोखणं हे आहे. काढताना 'ड्रॉप इंडेक्स कनकरंटली' वापरा, म्हणजे दुकान चालू असताना टेबल अडत नाही.

इंडेक्स कमी झाल्याचा आणखी एक, त्याहून मोठा फायदा आहे. २००८ साली आलेल्या व्हर्जन ८.३ पासून पोस्टग्रेसमध्ये 'हॉट' अपडेट आहे. बदललेला कॉलम कोणत्याही इंडेक्समध्ये नसेल, आणि नव्या प्रतीला त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सना हात न लावता काम होतं. शिवाय मेलेली प्रत त्या पानावर पुढचं काम करता करताच साफ होते, व्हॅक्यूमची वाट बघावी लागत नाही. दोन्ही अटी पाळल्या जातात का, ते 'पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स' मध्ये 'एन_टप_अपडी' आणि 'एन_टप_हॉट_अपडी' शेजारी शेजारी ठेवून बघा.

त्या दुकानात पावतीला 'स्थिती' नावाचा कॉलम होता: आवक झाली, सौदा झाला, वजन झालं, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) झाली, पैसे दिले. एका पावतीचे चार बदल, आणि स्थितीवर इंडेक्स. त्यामुळे चारही वेळा सगळ्या इंडेक्समध्ये नव्या नोंदी. आंशिक इंडेक्स केला तर सुटेल असं मला आधी वाटलं होतं, म्हणजे "पैसे बाकी असलेल्याच पावत्या" एवढ्यांचा. तसं होत नाही. इंडेक्सच्या अटीतला कॉलमसुद्धा इंडेक्समधलाच धरला जातो, आणि तो बदलला की हॉट गेलं. शेवटी आम्ही स्थितीवरचा इंडेक्स काढूनच टाकला. एका दिवसाच्या पावत्या तारखेच्या इंडेक्सने सापडतात आणि त्या काहीशेंतून बाकी असलेल्या गाळायला वेळ लागत नाही.

पानावर जागा राहावी यासाठी 'फिलफॅक्टर' आहे. टेबलासाठी तो मुळात १०० असतो, म्हणजे पान गच्च भरायचं. ज्या टेबलात ओळी वारंवार बदलतात तिथे ८५ किंवा ९० करून बघा. तो पुढच्या भरण्यालाच लागू होतो, आधीच गच्च भरलेली पानं तशीच राहतात. टेबल थोडं मोठं होतं आणि वाचायला तेवढी पानं जास्त लागतात, म्हणून फक्त भर पडणाऱ्या, न बदलणाऱ्या टेबलांना याची गरज नाही.

प्रायमरी की म्हणून यदृच्छ यूयूआयडी (१२८ बिटांचा ओळख-क्रमांक) वापरत असाल तर नोंदी इंडेक्सभर विखुरतात, आणि चेकपॉईंटनंतर जास्तीत जास्त पानं अख्खी कीर्दीत उतरतात. क्रमाने वाढणारा आकडा बरा. व्हर्जन १८ मध्ये 'यूयूआयडीव्ही७' फंक्शन आलं आहे, ते वेळेच्या क्रमाने वाढणारे यूयूआयडी देतं.

चौथी पायरी: चेकपॉईंट, कमिट आणि तात्पुरत्या फाइली

चेकपॉईंट जितके जवळ जवळ, तितकी जास्त पानं पुन्हा पुन्हा अख्खी लिहिली जातात. 'चेकपॉईंट_टाइमआउट' मुळात ५ मिनिटं असतो आणि 'मॅक्स_वॉल_साइझ' १ जीबी. लॉगमध्ये चेकपॉईंट सुरू होण्याचं कारण 'टाइम' असं दिसत असेल तर ठीक. 'वॉल' असं सारखं दिसत असेल तर कीर्दीची जागा अपुरी पडतेय, मॅक्स_वॉल_साइझ वाढवा. व्हर्जन १५ पासून ही नोंद आपोआप लॉगमध्ये येते, त्याआधीच्या व्हर्जनला 'लॉग_चेकपॉईंट्स' चालू करा. टाइमआउट १५ मिनिटांवर नेऊन वॉल_एफपीआय किती उतरतो ते बघा. सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा उभा राहताना जास्त लांब कीर्द वाचावी लागेल, ही त्याची किंमत आहे. आडत दुकानाला दोन-तीन मिनिटं जास्त लागली तर चालतात, असं माझं मत. 'वॉल_कॉम्प्रेशन' चालू केलं की अख्खी पानं दाबून लिहिली जातात. थोडा प्रोसेसर खर्ची पडतो. व्हर्जन १५ पासून त्यात एलझेड४ निवडता येतं, ते हलकं आहे.

कमिट एकत्र करा. पाचशे ओळींची फाइल आत घ्यायची तर पाचशे कमिट नकोत, एक बिगिन आणि एक कमिट पुरे. 'कॉपी' वापरलं तर आणखी उत्तम.

तात्पुरत्या फाइलींकडे कुणाचं लक्ष जात नाही. 'वर्क_मेम' मुळात ४ एमबी आहे. महिन्याचा अहवाल लावताना तेवढ्यात मावलं नाही की क्रमवारी डिस्कवर होते. 'पीजी_स्टॅट_डेटाबेस' मध्ये 'टेम्प_बाइट्स' बघा. अहवालाच्या सेशनपुरतंच वर्क_मेम ६४ एमबी करा. सगळीकडे वाढवू नका, कारण एकाच क्वेरीत क्रमवारीच्या प्रत्येक टप्प्याला आणि प्रत्येक जोडणीला तेवढी मेमरी वेगळी लागू शकते.

लाईट जाते, हे धरून चाला

लिखाण कमी करायचा सर्वांत सोपा उपाय म्हणून कुणीतरी 'एफसिंक' (लिखाण खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद करायला सांगेल. करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, आणि एफसिंक बंद असेल तर अख्खा डेटाबेस न उघडण्याइतका बिघडू शकतो. 'फुल_पेज_राइट्स' बंद करण्याचंही तेच. अर्धवट लिहिलं गेलेलं पान दुरुस्त करायला कीर्दीतली ती अख्खी प्रतच कामी येते. झेडएफएससारखी फाइल सिस्टीम अर्धं पान लिहिलं जाऊ देत नाही, तिथली गोष्ट वेगळी. साध्या डेस्कटॉपवर तो विचारच नको.

'सिंक्रोनस_कमिट' (कीर्द डिस्कवर पोचेपर्यंत कमिटला थांबवणारं सेटिंग) मात्र समजून वापरण्यासारखं आहे. ते बंद केलं तर लाईट गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, शेवटच्या काही क्षणांतले व्यवहार तेवढे हरवतात. नेहमीच्या सेटिंगवर तो काळ साधारण ०.६ सेकंदापर्यंतचा असतो. हे एकेका व्यवहारापुरतं ठरवता येतं: बिगिननंतर 'सेट लोकल सिंक्रोनस_कमिट टू ऑफ'. काट्याची हजेरी हरवली तर पाच मिनिटांनी दुसरी येतेच, तिथे आम्ही ते बंद ठेवलं. बाहेरून आलेली फाइल चाळायच्या कच्च्या टेबलाला 'अनलॉग्ड' केलं. त्याची कीर्दच होत नाही, पण सर्व्हर अचानक बंद पडला की ते रिकामं होतं, आणि रेप्लिकावर ते जात नाही.

पट्टीच्या टेबलाला यातलं काहीही लावलं नाही. शेतकऱ्याच्या हातात कागद पडतो तेव्हा ती ओळ डिस्कवर पक्की झालेली असलीच पाहिजे, म्हणून तिथे सिंक्रोनस_कमिट चालू, आणि कागद छापायची आज्ञा कमिट परतल्यानंतरच.